साडेसव्वीसवर थांबलेला काटा

आमच्या पुण्याच्या व्याह्यांनी एकदा जेवताना विचारलं, "तुम्ही कारखान्यात नेमकं काय करायचात?" मी म्हटलं, "पोकळी तयार करायचो." त्यांनी ताटातून वर न बघता सांगितलं, "सरकारी कारखान्यात दुसरं काय होणार म्हणा." सगळे हसले. सर्वांत जास्त माझी बायको हसली, कारण पोकळी या विषयावर माझ्याइतकीच तीही अधिकारी व्यक्ती आहे. ते का, ते पुढे येईलच.

पण मी थट्टा करत नव्हतो. भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्याच्या वाहन विभागात मी होतो. टाऊनशिपमधल्या साहेबांच्या गाड्या, दवाखान्याची रुग्णवाहिका, पाहुण्यांची मिनीबस, सगळं आमच्याकडे. नव्वदीच्या सुमारास या गाड्यांना एसी आले आणि आल्या आल्या बिघडायला लागले. तेव्हा एसीचं काम शिकायला पंधरा दिवस बाहेरगावी पाठवण्यासाठी माझी निवड झाली. या पंधरवड्यात माझ्यावाचून कुणाचंही अडणार नाही, असं आमच्या साहेबांनी लेखी कळवलं होतं. त्याच गुणावर मी एसीचा तज्ज्ञ झालो.

गाडीचा एसी म्हणजे एक लांबच लांब बंद नळी. तिच्यातून गॅस फिरतो, आतली उष्णता उचलतो आणि बोनेटखाली नेऊन टाकतो. दुरुस्तीसाठी ही नळी कुठेही उघडली की बाहेरची हवा आत शिरते आणि हवेबरोबर ओल. ही ओल फार दुष्ट. गॅस जिथे सर्वांत थंड होतो तिथे सुईच्या नेढ्याएवढी वाट असते, त्या वाटेत ओलीचा बर्फ होतो आणि सगळं बंद पडतं. साहेब बंगल्यातून निघतात तेव्हा गाडीत काश्मीर, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या मंडीदीपला पोचेपर्यंत राजस्थान. म्हणून नवा गॅस भरण्याआधी नळीतली हवा ओढून काढावी लागते. याला आम्ही 'व्हॅक्यूम मारणं' म्हणतो. त्यात मारतात ते नेमकं कुणाला, हे मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. हवा पुरेशी निघाली की उन्हाळ्यात आतलं पाणी चुलीशिवाय उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. मग तोटी बंद करायची आणि दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा जागचा हलला नाही तर नळी धड. हळूहळू परत यायला लागला तर कुठेतरी छिद्र आहे.

ही शेवटची दोन वाक्यं वाचकांनी लक्षात ठेवावीत. मी ठेवली नव्हती.

हवा ओढायला आमच्याकडे विजेवर चालणारा एक चांगला पंप होता. त्याच्या पोटातलं तेल मधूनमधून बदलायचं असतं. एका शुक्रवारी मी ते बदलायला घेतलं. जुनं तेल काढायला मी विसरलो नाही, नवं घालायला विसरलो. सोमवारी पंप चालू केला तेव्हा तो दोन मिनिटं तक्रार करत राहिला आणि मग कायमचा गप्प झाला. नव्या पंपासाठी मागणीपत्र भरलं. सरकारी कारखान्यात मोटर असलेली कुठलीही वस्तू म्हणजे 'यंत्र', आणि यंत्र विकत घ्यायचं तर मागणीपत्राला एवढ्या टेबलांवरून जावं लागतं की वाटेत ऋतू बदलतात. समोर एप्रिल होता. अठरा गाड्यांचे एसी बंद होते आणि अठरा साहेबांचे फोन चालू होते.

तेव्हा गोविंदपुऱ्याच्या एका हत्यारांच्या दुकानदाराने मला मुठीत मावेल एवढी एक ॲल्युमिनियमची वस्तू दाखवली. दिसायला जत्रेतल्या पिपाणीसारखी. तो म्हणाला, हाही व्हॅक्यूम पंपच आहे, फक्त हवेवर चालतो. मला वाटलं, दुकानदाराने माझी कीर्ती ऐकली आहे. हवा काढायला हवाच? पण त्याने कंप्रेसरची नळी एका तोंडाला लावली, दुसऱ्या तोंडावर माझा अंगठा ठेवला आणि तोटी उघडली. पिपाणी किंचाळली आणि तिने माझा अंगठा असा धरून ठेवला की सोडवताना मला दुकानदाराची मदत घ्यावी लागली.

युक्ती साधी आहे. डास मारायचा फ्लिटचा जुना पंप आठवा. दट्ट्या पुढे ढकलला की हवा एका बारीक नळीच्या तोंडावरून जोरात जाते आणि खालच्या डब्यातलं औषध आपोआप वर ओढलं जातं. इथेही तेच. कंप्रेसरची हवा एका अरुंद गळ्यातून वाऱ्याच्या वेगाने निघते आणि जाता जाता बाजूच्या नळीतली हवा स्वतःबरोबर घेऊन जाते. आत मोटर नाही, पट्टा नाही, चाक नाही आणि मुख्य म्हणजे तेल नाही. माझ्यासारख्या माणसाच्या हातून बिघडावं असं त्यात काहीच नव्हतं. ज्याने कुणी ही वस्तू शोधली त्याला माझा स्वभाव ठाऊक असला पाहिजे, असं मला आजही वाटतं. आमच्या कारखान्यात तर दाबाखालची हवा नळाच्या पाण्यासारखी भिंतीभिंतीतून खेळवलेली. आणि स्टोअरच्या बाबूने नियम काढून सांगितलं की मोटर नाही म्हणजे हे यंत्रच नाही, हे 'हत्यार'. पान्यांच्या आणि पेचकसांच्या यादीत बसून ती चार दिवसांत आमच्या हातात आली. आम्ही तिला शिट्टी म्हणू लागलो.

पहिल्याच दिवशी शिट्टीने सगळं शेड डोक्यावर घेतलं. आमचे साहेब, सक्सेना साहेब, बाजूच्या काचेच्या खोलीत फोनवर बोलत होते. त्यांनी काचेवर टकटक करून गप्प बसायची खूण केली. मी आज्ञाधारक माणूस. शिट्टीच्या ज्या तोंडातून हवा बाहेर फेकली जात होती त्या तोंडात मी चिंध्यांचा बोळा कोंबला. हवेला बाहेर जायला वाट नाही म्हटल्यावर ती मागे फिरली आणि नळीतून थेट गेजकडे धावली. काटा उलट्या दिशेने गरकन फिरला, नळी सुटली आणि तिने माझा चष्मा उडवून शेजारच्या गाडीच्या टपावर नेऊन ठेवला. सक्सेना साहेबांनी फोन ठेवला. आवाज मात्र थांबला होता, हे त्यांनीही मान्य केलं.

बोळा काढल्यावर शिट्टीने आपलं काम चोख केलं. त्या दोन-चार दिवसांत दोन जुन्या गाड्यांवर ती चालवली. विजेचा पंप काटा अठ्ठावीस इंचांपर्यंत नेत असे. ही दोन्ही गाड्यांवर साडेसव्वीसला थांबली. इंच म्हणजे ओढलेल्या हवेचं माप, एवढंच समजा. गाड्या जुन्या, रबरी नळ्या जुन्या, थोडंफार गळत असेल, असं म्हणून मी पुढे गेलो. गाड्या मात्र थंडगार झाल्या. गळत असेल तर त्या थंड कशा राहिल्या, हा प्रश्न मला पडला नाही. मला प्रश्न सहसा दुसरे पाडतात.

आता शमीमभाईंविषयी. ते आमचे नळ्या जोडणारे कारागीर, वयाने माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे, राहायला सोनागिरीत. गाडीच्या एसीच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या, आणि ॲल्युमिनियम जोडणं हे लोखंड जोडण्यासारखं नाही. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं. ॲल्युमिनियम काहीच सांगत नाही. आता घट्ट आहे, आता घट्ट आहे, असं वाटता वाटता एकदम पाण्यासारखं गळून खाली पडतं. शमीमभाई नळीवर साबणाची एक रेघ ओढायचे. ती रेघ चहाच्या रंगाची होऊन काळी पडली की ते ज्वाला हळूच मागे घ्यायचे, आणि मग पुढचं सगळं मनगटात. जोड असा बसायचा की बोट फिरवलं तर बांगडीची कड लागावी. मी एकदा हौसेने करून बघितलं होतं. साबणाची रेघ मी उत्तम ओढली. बाकी नळी मला जमिनीवरून खरवडून काढावी लागली. शमीमभाईंनी ते ओघळ हातात घेऊन नीट बघितले आणि म्हणाले, "साबुन का काम आपका पक्का है, लेले बाबू."

एवढा हात असूनही त्यांचा दर्जा खालचा होता. बढतीच्या लेखी परीक्षेत दोनदा नापास झाले होते. त्या वर्षी ती परीक्षा पहिल्यांदाच फक्त हाताच्या कामावर ठेवली होती, आणि त्याच वर्षी कारखान्याने जादा ठरलेल्या माणसांची यादी करायला घेतली होती. महिनाअखेर यादी लागणार होती. 'उच्च कुशल' दर्जा असेल तो शेडमध्ये राहणार. नसेल त्याला भंगाराच्या यार्डात फाटकाशी बसवणार, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचे नंबर लिहायला. शमीमभाईंची निवृत्तीला चार वर्षं होती. शेवटची चार वर्षं हातात ज्वाला की हातात वही, एवढाच प्रश्न होता, आणि तो ठरवणाऱ्या समितीत तांत्रिक सदस्य म्हणून मी होतो.

परीक्षेची अटही मीच लिहून दिली होती. तीन नळ्या एसीच्या जाळीला जोडायच्या, तयार झालेल्या त्या तुकड्यावर, म्हणजे जॉबवर, व्हॅक्यूम मारायचा, काटा अठ्ठावीस इंचांवर गेला पाहिजे आणि अर्धा तास तिथे राहिला पाहिजे. शिट्टीबरोबर आलेल्या पुस्तिकेत साडेअठ्ठावीस लिहिलं होतं. मी मन मोठं करून अर्धा इंच सोडला होता.

गुरुवारी परीक्षा झाली. शमीमभाईंनी तिन्ही जोड माझ्या डोळ्यांदेखत केले. एवढं सुंदर काम मी त्यांच्याही हातून क्वचित पाहिलं होतं. मी शिट्टी लावली. काटा भराभर गेला, पंचवीस, सव्वीस, साडेसव्वीस, आणि थांबला. अर्धा तास शिट्टी किंचाळत राहिली. काटा साडेसव्वीसच. मी तोटी बंद केली, शिट्टी थांबवली. सगळे वाट बघत राहिले. पुढचा अर्धा तास काटा तिथेच बसून होता, चिकटवल्यासारखा.

मी म्हटलं की अठ्ठावीस आलं नाही, कुठेतरी गळतंय. शमीमभाई गेजकडे वाकून बघत होते. त्यांनी मला विचारलं, "तोटी बंद करने के बाद काँटा हिला?"

"नहीं हिला."

"तो फिर निकल कहाँ से रही है?"

"शमीमभाई, किताब में अट्ठाईस लिखा है."

त्यांनी हात पुसले, चष्मा खिशात ठेवला. "तो किताब से ही पूछिए," म्हणाले आणि सायकल काढून निघून गेले. मी निकालाच्या कागदावर 'अनुत्तीर्ण' लिहिलं आणि सही केली. सही माझी नेहमीच वळणदार येते.

त्यानंतर तीन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. रविवारी सकाळी मी ती पुस्तिका घेऊन घरी व्हरांड्यात बसलो, आपलंच कसं बरोबर आहे हे पुन्हापुन्हा वाचायला. शेजारी वसुधा, माझी बायको, सातवीचे पेपर तपासत होती. ती टाऊनशिपच्या शाळेत भूगोल शिकवायची. माझे सुस्कारे ऐकून ती कंटाळली आणि काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. माझी बाजू थोडी उजळ करूनच सांगितलं.

लाल पेन न ठेवता तिने विचारलं, "आधीच्या दोन गाड्यांवर किती आलं होतं?"

"साडेसव्वीस."

"दोन्ही वेळा? आणि इथेही साडेसव्वीसच?" मग तिने पेन ठेवलं. "अहो, तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या गळत्या एकाच आकड्यावर ठरवून थांबतात का?"

तिने पुस्तिका माझ्या हातातून घेतली. साडेअठ्ठावीसच्या आकड्यापुढे एक बारीक चांदणी होती आणि पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत त्या चांदणीचा खुलासा होता: समुद्रसपाटीवर. मला ती चांदणी छपाईची नक्षी वाटली होती.

वसुधा म्हणाली, "समुद्राकाठी हवेचा दाब तीस इंच धरा. तुमची शिट्टी त्यातली दीड इंच हवा मागे सोडते, म्हणून साडेअठ्ठावीस. भोपाळ किती उंचावर आहे?"

मी व्हरांड्याच्या कठड्यावरून खाली बघितलं.

"पाचशे मीटर. सातवीच्या मुलांना येतं हे. इथे डोक्यावरची हवाच मुळात अठ्ठावीस इंचांची. त्यातून दीड वजा करा."

मी वजाबाकी केली. उत्तर साडेसव्वीस आलं. पुन्हा केली, तरी तेच आलं. भोपाळच्या आकाशात जेवढी हवा होती त्यातली शिट्टीला ओढता येण्यासारखी सगळी तिने त्या जॉबमधून ओढली होती, आणि शमीमभाईंच्या जोडांनी तिच्यातला एक श्वासही परत आत येऊ दिला नव्हता. मी त्यांना नापास केलं होतं ते समुद्रापासून लांब राहण्याबद्दल. वसुधाने पुढचा पेपर ओढला आणि म्हणाली, "आता त्या माणसाचं काय करणार?" माझ्याविषयी ती एक अक्षर बोलली नाही. शिक्षिका असल्यामुळे, कुठे गुण कापायचे आणि कुठे कापून उपयोग नाही, हे तिला बरोबर कळतं.

सोमवारी सकाळी मी सक्सेना साहेबांकडे गेलो. निकाल अजून त्यांच्याच टेबलावर होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसू दाबत एक रस्ता काढून दिला. म्हणाले, एवढं लांबण कशाला लावता, गेज खराब होता असं लिहून टाका. मला हा रस्ता फार आवडला. गेजला ना घर ना दार, त्याची बदनामी झाली तर कुणाचं काय जातं. पण साहेबांनीच नियम पुढे वाचला: उपकरणात दोष निघाला तर परीक्षा रद्द आणि फेरपरीक्षा पुढच्या वर्षी. यादी महिनाअखेर लागणार. म्हणजे गेज खराब म्हटलं तरी शमीमभाई यार्डातच. निकाल जागच्या जागी बदलायला एकच कारण चालत होतं: परीक्षकाची चूक.

साहेब म्हणाले, "सोच लो, लेले. नोटशीट पाँच टेबल से गुज़रेगी. रिटायर होने तक लोग छोड़ेंगे नहीं."

मी बाहेर जाऊन एक चहा घेतला. मग दुसरा घेतला. मी फार धैर्याने परत आलो असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे कँटीनच्या खिडकीतून भंगाराच्या यार्डाचं फाटक दिसायचं. तिथे एक खुर्ची होती, तिचा एक पाय विटेवर टेकवलेला, आणि खुर्चीत कुणी नव्हतं. मी ती किती वेळ बघत होतो कोण जाणे. चहा निवून गेला.

परत येऊन मी नोटशीटवर सरकारी हिंदीत लिहिलं: 'भोपाल समुद्र तल से लगभग पाँच सौ मीटर की ऊँचाई पर स्थित है, यह तथ्य परीक्षक को ज्ञात नहीं था.' खाली वजाबाकी मांडली. त्याखाली सही केली, ती या वेळी वळणदार आली नाही.

नोटशीट पाच टेबलांवरून गेली. प्रत्येक टेबलाने तिची एक नक्कल ठेवून घेतली असावी, कारण आठवड्याभरात टाऊनशिपच्या दूध केंद्रापासून क्लबापर्यंत सगळे मला एकच विचारत होते, "लेले जी, आज भोपाल कितना ऊँचा है?" प्रशासनातले एक गृहस्थ तर रोज सकाळी अदबीने म्हणायचे की पावसाने थोडं खचलं असेल, नव्याने मोजून घ्या. हे माझ्या निवृत्तीच्या समारंभापर्यंत चाललं. समारंभात मला शाल, श्रीफळ आणि जगाचा नकाशा मिळाला.

निकाल बदलला. महिनाअखेर यादी लागली आणि शमीमभाईंचं नाव तिच्यात नव्हतं. शेडमध्ये पेढे वाटले गेले, सगळ्यांनी त्यांचे हात हातात घेतले. मी जरा मागेच उभा होतो. ते माझ्याकडे न येता आपल्या बाकड्याकडे वळले. रागावले आहेत असंही दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला सुरुवात व्हायच्या आत त्यांनी आपल्या बाकड्याखालून कापडात गुंडाळलेला तो परीक्षेचा जॉब काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, जरा शिट्टी लावा.

मी लावली. काटा गेला आणि साडेसव्वीसला थांबला. मी तोटी बंद केली, शिट्टीची हवा बंद केली. शेडमध्ये एकदम शांतता झाली. शमीमभाई स्टूल ओढून गेजसमोर बसले. दुसरं स्टूल त्यांनी माझ्याकडे सरकवलं.

"अब पढ़िए. ज़ोर से."

"साढ़े छब्बीस," मी म्हटलं.

पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा भुवई उचलली. मी पुन्हा वाचलं. दहा मिनिटांनी, पंधरा मिनिटांनी. बाजूच्या बाकड्यांवरची माणसं हातातलं काम ठेवून जवळ आली. कुणी भोपाळच्या उंचीचा विनोदही केला नाही. मी तोवर शेकडो वेळा गेज वाचले होते, पण वाचताना काट्याकडे बघायचं असतं हे त्या अर्ध्या तासात शिकलो. एक केसभर हलला असता तरी मला कळलं असतं. हलला नाही.

शमीमभाई उठले.

"उस दिन भी इतना ही पूछा था मैंने," ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तोटी उघडली. हवा फस्सकन आत शिरली आणि काटा सुटून शून्यावर गेला.